घाम चालतो, माणूस चालत नाही!

चोराने घर फोडले तर माणूस पोलिसांकडे धावतो. पोलिसांच्याच नोटिशीवरून घर मोडले गेले तर त्याने कोणाच्या दारात जावे? १८ आणि १९ जानेवारी २०२० या दोन दिवसांत बंगळूरच्या मारतहळ्ळी पोलीस ठाण्याच्या हद्दीत, करियम्मन अग्रहार इथे, शेकडो कष्टकऱ्यांवर हा प्रश्न विचारण्याची पाळी आली. शनिवार-रविवार गाठून यंत्रे आणली गेली. पत्र्याची, प्लायवूडची, ताडपत्रीची शंभराहून अधिक घरे भुईसपाट झाली. घरातली भांडी, पोरांची दप्तरे, शिधा, कपडे, सगळे मातीत गेले. या गोष्टीला वर्षे लोटली, आता ती उकरून कशाला काढायची, असे आम्हाला कोणी सांगू नये. त्याच आरोळ्या आणि तेच बहाणे आजही देशभर हिंडत आहेत, आणि ज्यांनी हे कृत्य केले त्यांच्या कपाळावर घामाचा थेंबही आलेला नाही.

कृत्याचा क्रम पाहा, म्हणजे त्यातला निर्लज्जपणा कळेल. ११ जानेवारीला मारतहळ्ळी पोलिसांनी जमीनमालकाला नोटीस दिली की तुमच्या जागेत बेकायदा बांगलादेशी राहतात, त्यांना हुसका. दुसऱ्या दिवशी महादेवपुराचे तत्कालीन भाजप आमदार अरविंद लिंबावळी यांनी वस्तीची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली आणि हे बांगलादेशी घुसखोर असल्याचा संशय जाहीर केला. मग वस्तीची वीज तुटली, पाणी तुटले. मग पालिकेच्या मारतहळ्ळी उपविभागाच्या अभियंत्याने पोलिसांना पत्र लिहून संरक्षण मागितले. त्या पत्रातही तोच बांगलादेशींचा धोशा. आणि मग बुलडोझर. यात चौकशी कुठे आहे? कागदपत्रे कोणी तपासली? कोणत्या न्यायाधीशासमोर कोणाचे परकीयत्व सिद्ध झाले? एका चित्रफितीवर निकाल लागला आणि एका आठवड्यात शिक्षा अमलात आली!

आणि ती माणसे होती तरी कोण? आसामची, त्रिपुराची, पश्चिम बंगालची. आणि खुद्द उत्तर कर्नाटकातली, कानडी बोलणारी! त्यांनी आधार कार्डे दाखवली, मतदार ओळखपत्रे दाखवली. आसामच्या काही जणांनी तर नागरिक नोंदवहीत आपले नाव असल्याचे कागद काढून दाखवले. ऑगस्ट २०१९मध्ये ती नोंदवही प्रसिद्ध झाली तेव्हा वाडवडिलांचे दाखले जमवता जमवता ज्यांचे कंबरडे मोडले होते, तीच ही माणसे. देशाने मागितली ती परीक्षा ते देऊन आले होते, आणि मारतहळ्ळीत त्यांच्या भाषेवरून व लुंगीवरून त्यांना नापास करण्यात आले. जागा सरकारी नव्हती, रस्त्यावर नव्हती, नाल्यात नव्हती. खासगी जमिनीत, दरमहा भाडे मोजून ते राहत होते. यापेक्षा सरळ जिणे गरिबाने कसे जगायचे असते, हे त्या अभियंत्याने आणि त्या ठाणेदाराने एकदा सांगावे.

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज उच्च न्यायालयात गेली म्हणून उरलेल्या वस्त्या वाचल्या. मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने पाडापाडी थांबवली, कोणत्या कायद्याने पोलीस अशी नोटीस देतात असे विचारले, आणि फेब्रुवारीत ही कारवाई प्रथमदर्शनी बेकायदा असल्याचे नमूद करून विस्थापितांच्या पुनर्वसनाबद्दल व भरपाईबद्दल सरकारला जाब विचारला. पोलिसांपाशी त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, कारण असा कायदाच नाही. पालिकेच्या वरिष्ठांनी हात झटकले, अभियंत्याला तिथून हलवले आणि आपले अंग काढून घेतले. बदली ही शिक्षा आहे काय? गरिबाचे घर गेले आणि साहेबाची खुर्ची एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेली, हा हिशेब ज्यांना बरोबरीचा वाटतो त्यांच्या न्यायबुद्धीला आम्ही काय म्हणावे?

परदेशी माणूस बेकायदा शिरला असेल तर त्याला शोधा, त्याच्यावर खटला भरा, परत पाठवा. आमची हरकत नाही. त्यासाठी १९४६चा कायदा होता, आता २०२५चा नवा आहे. पण जुन्या-नव्या कुठल्याही कायद्यात संशयिताचे घर आधी पाडा आणि नागरिकत्व मागाहून तपासा, असे लिहिलेले नाही. जून २०२५मध्ये आपल्या मिरा रोड परिसरातून पकडलेले पश्चिम बंगालचे कामगार सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीयच निघाल्यावर त्यांना परत आणावे लागले. तेव्हा कर्नाटकाकडे बोट दाखवून महाराष्ट्राने शहाजोगपणा करण्याचे काही कारण नाही.

मारतहळ्ळी म्हणजे काय चीज आहे, हे ज्याने तिथे संसार केला आहे त्याला सांगायला नको. जुन्या विमानतळ रस्त्यावरून व्हाइटफील्डकडे जाणारा रस्ता आणि बाह्यवळण रस्ता यांच्या चौकात, पुलाखाली, सगळा देश गर्दी करून उभा असतो. ५००-डी बसमध्ये एका बाकावर तेलुगू, हिंदी, मल्याळम आणि मराठी कानावर पडते. मुन्नेकोळालच्या गल्ल्यांत पेइंग गेस्ट मुलांच्या इमारतींना इमारती चिकटल्या आहेत. आंध्राच्या खाणावळीशेजारी ओडिया पोरांची चहाची टपरी आहे. तूबरहळ्ळीच्या मोकळ्या जागांत बंगाली कुटुंबे शहराचा कचरा निवडतात: पुठ्ठा वेगळा, बाटली वेगळी, पत्रा वेगळा. पुणे, नागपूर, कोल्हापूर, नांदेडहून आलेली हजारो मराठी पोरे-पोरी इथल्याच संगणक कंपन्यांत नोकरी करतात आणि इथल्याच उंच सोसायट्यांत हप्ते फेडतात. त्यांना आम्हाला दोन शब्द स्पष्ट ऐकवायचे आहेत.

तुमच्या सोसायटीच्या दारावर सकाळी साडेसहाला उभे राहा आणि डोळे उघडे ठेवून पाहा. जी बाई आत येते ती पहाटे टँकरच्या नळीखाली पिंप लावून, भात शिजवून, मूल शेजारणीकडे ठेवून आलेली असते. रखवालदार तिचे कार्ड तपासतो. ती आल्याची वर्दी तुमच्या मोबाइलवर येते. कित्येक सोसायट्यांत तिची लिफ्ट निराळी. कोणी जुना कुकर किंवा साडी दिली असेल तर संध्याकाळी दारावर पिशवी उघडायची आणि देणाऱ्याची चिठ्ठी दाखवायची. असा झाडा घेऊनही तुम्ही घराची किल्ली तिच्या हाती देता, तुमचे तान्हे मूल तिच्या कडेवर देता. तिच्या हातची पोळी चालते, तिने पुसलेली फरशी चालते, तिच्या नवऱ्याने रात्रभर दिलेला पहारा चालतो. मग कुंपणाबाहेर, पाचशे पावलांवर, तिचे घर मात्र तुमच्या डोळ्यांत का सलते? ते दिसायला ओंगळ आहे, त्याने फ्लॅटचा भाव उतरतो, तिथे ‘कोण कुठले लोक’ राहतात, अशा तक्रारी सोसायटीच्या गटांवर कोण लिहितो? तक्रार करणारे हात तुमचे, आणि तक्रारीचे बळी ठरणारे हात तुमची धुणीभांडी करणारे! या बेइमानीला दुसरा शब्द आमच्यापाशी नाही.

सरकारची बेइमानी तर याहून नागडी. २०२०च्या जानेवारीत हे लोक घुसखोर होते, शहराला धोका होते. मग मार्चमध्ये टाळेबंदी आली, कामे बुडाली, हातावर पोट असलेली माणसे आपल्या गावी जायला निघाली. मे महिन्याच्या ५ तारखेला मुख्यमंत्री येडियुरप्पा यांची बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाली आणि त्याच रात्री मजुरांसाठी मागितलेल्या गाड्या रद्द करण्याचे पत्र राज्य सरकारने रेल्वेला धाडले! मजूर गेले तर इमारती कोण बांधणार? देशभर संताप उसळला तेव्हा तीन दिवसांनी सरकारला गाड्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. जानेवारीत जा म्हणून घर पाडायचे, मेमध्ये जाऊ नका म्हणून गाडी अडवायची. अशा राज्यकारभाराला वेठबिगारी म्हणतात, आणि वेठबिगारीला या देशात १९७६च्या कायद्याने बंदी आहे.

गरिबाच्या पत्र्याला एक आठवडा पुरतो. श्रीमंताच्या सिमेंटला किती वर्षे लागतात, तेही याच भागाने पाहिले. सप्टेंबर २०२२मध्ये पाऊस कोसळला, बाह्यवळण रस्त्याचा तलाव झाला, संगणक अभियंते ट्रॅक्टरमध्ये बसून कचेरीला गेले. राजकालव्यांवर, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या नाल्यांवर, आणि तळ्यांच्या ओघळींवर चढवलेल्या बांधकामांनी पाण्याची वाट बुजवली, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही कळले. पालिकेची यंत्रे बाहेर पडली. मग फेरमोजणी, नकाशे, हरकती, स्थगिती, आणि मोहीम थंड. कालव्यात खांब रोवणाऱ्याला सुनावणी मिळते, आणि भाडे भरून खासगी जागेत राहणाऱ्याला मिळत नाही!

अशा दंडेलीला आडवे जायला पुढे लोकांनी निवडलेला नगरसेवकही उरला नाही. बंगळूर महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२०मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षे निवडणूक नाही. २०२५च्या सप्टेंबरात महापालिकेचे पाच तुकडे झाले तोवर नगरसेवकाची खुर्ची रिकामीच. नगरसेवक नाही म्हणजे अभियंत्याला विचारणारा नाही. ज्या वस्तीत निम्मी माणसे परगावची, त्यातल्या बहुतेकांचे मत गावाकडे अडकलेले, तिथे आमदाराला तरी त्यांची भीती कशाला वाटेल?

मराठी माणसाने यात पडू नये, तो कानडी मुलखातला मामला आहे, असे म्हणणारे शहाणे आहेत. त्यांनी जरा आठवावे. मारतहळ्ळीच्या उशाशी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा जो प्रचंड कारखाना आहे त्याचा पाया १९४०मध्ये घातला तो सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर संस्थानच्या साथीने. दुसऱ्या मुलखातला माणूस आला, त्याला जमीन मिळाली, मान मिळाला, म्हणून त्या माळावर विमाने उडाली. जुलै २०२४मध्ये खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना ५० ते ७० टक्के जागा राखण्याचे विधेयक कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने मंजूर केले तेव्हा मारतहळ्ळीतल्या मराठी घरांत कशी तारांबळ उडाली होती! लगेच ते गुंडाळले गेले. पण तेवढ्या काळात तुम्हीही परप्रांतीय ठरला होतात. फरक इतकाच की तुमच्याकडे करारपत्र होते, कंपनी होती, ओरडणाऱ्या उद्योग संघटना होत्या. त्या बाईकडे यातले काहीच नाही. आणि १९६६नंतर मुंबईत दाक्षिणात्यांच्या दुकानांवर, हॉटेलांवर जे दगड पडले ते मराठी हातांनी मारले होते. त्या पापाची फेड करायची असेल तर बंगळूरइतकी योग्य जागा दुसरी नाही.

अशा प्रकरणांत न्यायाची भाषा बोलणारे आवाज पुष्कळसे मराठीच आहेत. १९८१मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईच्या पदपथांवरच्या लोकांना हाकलण्याचा हुकूम काढला. त्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे ठरवले. पदपथ मोकळे करण्याला त्यांनी अखेर परवानगी दिली, हेही खरे. पण माणसाचे ऐकून घ्या आणि पावसाळ्यात बाहेर काढू नका, एवढे तरी बजावले. २०२०मध्ये बंगळूरला ओक उभे राहिले. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात अमरावतीचे भूषण गवई आणि के. व्ही. विश्वनाथन यांनी बुलडोझरशाहीला वेसण घातली: किमान १५ दिवसांची नोटीस, बाजू मांडण्याची संधी, आणि नियम मोडून पाडणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी यांवरच्या बांधकामांना हे संरक्षण त्यांनी दिले नाही. करियम्मन अग्रहाराची घरे यातल्या कशावरही नव्हती. न्यायालयाने जे करायचे ते केले. ते प्रत्येक गल्लीत पहारा देऊ शकत नाही.

म्हणून आमची मागणी सरकारकडे आहे आणि तितकीच मारतहळ्ळीच्या मराठी रहिवाशांकडेही. सरकारने त्या वस्तीतल्या किती कुटुंबांना किती रुपये दिले, कोठे वसवले, हे नावानिशी नव्हे तरी आकड्यानिशी जाहीर करावे. नोटीस काढणाऱ्या आणि पत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांवर कोणती कारवाई झाली तेही सांगावे. कष्टकऱ्यांसाठी या भागात भाड्याची स्वस्त घरे उभारल्याशिवाय एकाही पत्र्याला हात लावता कामा नये. आणि मराठी रहिवाशांनो, येत्या सर्वसाधारण सभेत तीन ठराव मांडा: कामवाल्यांची वेगळी लिफ्ट बंद, दारावरची पिशव्यांची झडती बंद, आणि शेजारच्या वस्तीविरुद्ध सोसायटीच्या नावाने कोणत्याही कचेरीत तक्रार जाणार नाही. मतदान हात वर करून घ्या, आणि विरोधात हात वर करणाऱ्या प्रत्येकाचे नाव इतिवृत्तात लिहून ठेवा.