चौथं ब्लँकेट

तुळशीचं लग्न लागलं की पुण्यात एका संध्याकाळी स्कूटरवर अचानक कान गार पडतात. झालं! ऑफिसात स्वेटर-चर्चा सुरू. कुणी हुडी मागवतं, कुणी हुरड्याचा प्लॅन आखतं आणि पाठोपाठ 'ब्लँकेट ड्राइव्ह'चा मेल येतोच. चांगलंच आहे ते, नो डाउट!

पण परवा सोसायटीच्या रात्रीच्या वॉचमनकाकांना विचारलं, "काका, ब्लँकेट देऊ का?" तर हसून म्हणाले, "ताई, तीन आहेत. चौथं ठेवू कुठं? त्यापेक्षा दहा मिनिटं गेटवर बसाल? चहा घेऊन, जरा पाय मोकळे करून येतो."

बारा तासांची ड्यूटी, एक प्लास्टिकची खुर्ची आणि जागा सोडायची नाही. यावर ब्लँकेट काय करणार? आता लिफ्टशेजारी कागद लावलाय. रात्री अकरा आणि पहाटे पाच, दहा-दहा मिनिटं, ज्याला जमेल त्यानं नाव लिहायचं. अकराच्या रकान्यात गर्दी आहे. पाचचा, अर्थातच, बराचसा रिकामा!

पुण्याची थंडी तशी फसवी. आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर गार होते. दुपारी टी-शर्टात फिरणाऱ्या आपल्याला पहाटे चारचं पुणं माहीतच नसतं. १७ जानेवारी १९३५ला इथं पारा १.७ अंशांवर उतरला होता. इतकं टोक नेहमी गाठलं जात नाही, पण दहाच्या खाली तो आजही जातो.

आणि हो, वॉचमनच्या बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी दिसली तर लगेच बाहेर काढायला सांगा. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. माणूस झोपेतच जातो. इथे 'आपल्याला काय करायचंय' चालणार नाही.

बाकी, विचारल्याशिवाय कळत नाही हेच खरं. आमच्या टीममध्ये नागपूरची नवी मुलगी आलीय. पुण्याच्या थंडीला ती थंडी म्हणायलाच तयार नाही. माझी जुनी शाल तिनं गोड हसून परत केली. मग हळूच म्हणाली, "पीजीत रोज एकटीनं जेवायचा जाम कंटाळा येतो गं." शनिवारी येतेय घरी. पिठलं मी करणार, भाकरी तिला जमतात म्हणे.