मोठ्या खेळाडूला बाकावर बसवावे काय?



गेल्या पंधरवड्यात बेळगावकडील एका खेड्यात आमच्या जुन्या स्नेह्यांच्या घरी आम्ही जेवावयास गेलो होतो. घरचा भाचा अमेरिकेतील न्यू जर्सीहून रजेवर आला होता. जेवणे आटोपून पडवीत बसलो असता मामा-भाच्यांत असा वाद जुंपला की, मामींनी आणून ठेवलेला चहा तसाच निवून गेला. वाद शेताच्या बांधावरून नव्हता की निवडणुकीवरून नव्हता. तो होता सातासमुद्रापलीकडच्या एका खेळाडूवरून. ज्याने आपल्या संघाला दोनदा अजिंक्यपद मिळवून दिले, त्याचा खेळ खालावला म्हणून प्रशिक्षकाने त्याला बाकावर बसवावे काय? भाचा म्हणे, “मामा, बसवायलाच हवे. संघ कोणा एकाचा नसतो.” मामा म्हणत, “अरे, ही शुद्ध कृतघ्नता आहे!” शेवटी निवाडा आमच्यावर सोपविण्यात आला. त्या दिवशी आम्ही दुसरा चहा मागवून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न काही मनातून जाईना. म्हणून आज तोच वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रथम त्या खेळाविषयी दोन शब्द. गोव्यात व बेळगावात आपली मुले पायाने खेळतात तो फुटबॉल हा नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो आणि तो बहुधा हातांनीच खेळला जातो. प्रत्येक बाजूस 11 गडी असतात. चढाई करणाऱ्या संघास 4 प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकावे लागते. ते न साधल्यास चेंडू सहसा प्रतिपक्षाकडे जातो. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू ज्याच्या हाती येतो, तो क्वार्टरबॅक. समोरून धिप्पाड गडी त्याला लोळविण्यास धावून येत असतात आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत चेंडू कोणाकडे फेकावा, की धावणाऱ्याच्या हाती द्यावा, हे त्याला ठरवावे लागते. इतर गडी आलटून-पालटून खेळविता येतात. पण क्वार्टरबॅक सहसा एकच. त्याला बदलणे म्हणजे भर समुद्रात होडीचा तांडेल बदलणे होय.

ज्याच्यावरून मामा-भाच्यांचे बिनसले, तो न्यूयॉर्क जायंट्स संघाचा ईलाय मॅनिंग. 2008 च्या फेब्रुवारीत ‘सुपर बोल’ या अंतिम सामन्यात जायंट्सची गाठ न्यू इंग्लंड पेट्रियट्सशी पडली. पेट्रियट्सनी त्या हंगामात ओळीने 18 सामने जिंकले होते. एकही गमावला नव्हता. मॅनिंगच्या संघाने त्यांना 17-14 असे नमविले. 2012 साली त्याच प्रतिपक्षाला पुन्हा 21-17 असे हरविले. दोन्ही वेळा सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मॅनिंगलाच मिळाला. शिवाय 21 नोव्हेंबर 2004 पासून साखळीतील एकही सामना त्याने चुकविला नव्हता. हिवाळ्यात हाडे गोठविणारी थंडी असो, अंग ठेचलेले असो, सामना सुरू होताना तो मैदानावर उभा. असे सलग 210 सामने झाले. त्याचा थोरला बंधू पेटन याचे 208 झाले होते. क्वार्टरबॅकांत या दोघा भावांपुढे केवळ ब्रेट फार्व्ह होता, 297 सामन्यांचा.

2017 चा हंगाम मात्र वाईट गेला. पहिल्या 11 सामन्यांत जायंट्सना अवघे 2 विजय मिळाले. तेव्हा 28 नोव्हेंबर रोजी प्रशिक्षक बेन मॅकाडू यांनी जाहीर केले की, पुढच्या सामन्यात मॅनिंगऐवजी जीनो स्मिथ खेळेल. मॅनिंगपुढे त्यांनी एक तोडही ठेवली होती: त्याने सामना सुरू करून द्यावा, म्हणजे सलग सामन्यांची साखळी तुटणार नाही, आणि मग मध्येच जागा सोडावी. मॅनिंगने ती नाकारली. शेवटपर्यंत खेळायचे नसेल तर केवळ आकडा वाढविण्यासाठी मैदानावर उतरणे त्याला रुचले नाही. वार्ताहरांपुढे उभा राहिला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते; पण प्रशिक्षकांविरुद्ध त्याने ब्र काढला नाही. 3 डिसेंबरला ओकलंड येथे जायंट्स 24-17 असे हरले. दुसऱ्याच दिवशी मॅकाडू यांना व संघाचे व्यवस्थापक जेरी रीस यांना मालकांनी काढून टाकले आणि मॅनिंग आपल्या जागी परत आला.

एवढे ऐकून मामांच्या बाजूने माना डोलावणाऱ्या वाचकांस आम्ही थोडे थांबवू इच्छितो. मॅनिंग परतला म्हणून संघाचे नशीब काही पालटले नाही. हंगाम संपला तेव्हा 16 पैकी केवळ 3 सामने जिंकले होते. तेव्हा एका सामन्याच्या निकालावरून प्रशिक्षक मूर्ख ठरत नाही, तसाच शहाणाही ठरत नाही. निर्णयाची पारख त्यामागच्या विचारावरून करावयाची असते. आमच्या मते अशा वेळी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न हा की, दोष खरोखर त्याचाच आहे काय? 2017 च्या ऑक्टोबरात एकाच सामन्यात जायंट्सचे चेंडू झेलणारे कित्येक प्रमुख गडी जायबंदी झाले होते. क्वार्टरबॅकच्या पुढे भिंतीसारखे उभे राहून त्याचे रक्षण करणारे गडीही दुबळे पडत होते. चेंडू झेलावयास कोणी नाही आणि फेकावयास सवड नाही, तेथे एकट्या तांडेलास बोल लावणे सोपे. पण होडीच फुटकी असेल तर तांडेल बदलून ती कशी तरणार? मॅनिंग 36 वर्षांचा झाला होता व त्याची चपळाई ओसरत होती, हेही खोटे नव्हे. तथापि त्या वर्षीच्या अपयशाचे खापर त्याच्या एकट्याच्या माथी फोडणे न्यायाचे नव्हते.

दुसरा प्रश्न असा की, त्याला उठवून ती जागा कोणाला देणार? जीनो स्मिथ हा नवखा नव्हता आणि संघाचे भवितव्य त्याच्यावर अवलंबून आहे असेही कोणी मानीत नव्हते. म्हणजे जुने मोडले, पण नवे उभे राहिले नाही. याउलट जेथे उद्याचा विचार असतो तेथे आज हार पत्करूनही निर्णय योग्य ठरू शकतो. याचे उदाहरण मॅनिंगच्याच आयुष्यात आहे. 2004 साली त्याला पहिली संधी मिळाली, ती कोणाला बाकावर बसवून? कर्ट वॉर्नर याला! वॉर्नर एके काळी आयोवा राज्यातील किराणा दुकानात रात्री फळ्यांवर माल लावीत असे. तेथून तो 1999 व 2001 साली सबंध साखळीचा सर्वश्रेष्ठ खेळाडू झाला. 2004 मध्ये त्याच्या हाताखाली जायंट्सनी 9 पैकी 5 सामने जिंकले होते. तरीही प्रशिक्षक टॉम कॉफलिन यांनी त्याला बसवून कोवळ्या मॅनिंगला उभे केले. मॅनिंग ओळीने 6 सामने हरला! लोकांनी नावे ठेविली. कॉफलिन डगमगले नाहीत. पुढे 2008 साली काय झाले, ते वर आलेच आहे. आणि वॉर्नर? तोही संपला नाही. 2009 च्या फेब्रुवारीत त्याने ॲरिझोनाच्या संघाला सुपर बोलपर्यंत नेले. बाक म्हणजे कबर नव्हे, हे त्याने दाखविले.

तिसरा प्रश्न, आणि आम्हांस तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो: हे त्याला कसे सांगितले? खोटा मान देऊन सांगितले, की खरे बोलून? सामना सुरू कर आणि मग निघून जा, या बोलण्यात दया दिसते खरी. पण ती दया अपमानाहून जड असते. एवढी वर्षे घाम गाळलेल्या माणसाला उसना आकडा नको असतो. त्याला सरळ शब्द हवा असतो.

हीच गोष्ट दोन वर्षांनी पुन्हा घडली, आणि या वेळी निराळ्या रीतीने. 2019 च्या हंगामात पहिले दोन्ही सामने हरल्यावर त्या वेळचे प्रशिक्षक पॅट शर्मर यांनी मॅनिंगला बसविले. पण आता त्याची जागा घेणारा डॅनियल जोन्स हा त्याच वर्षी भविष्याकडे पाहून निवडलेला तरुण होता. 22 सप्टेंबरला टँपा येथे जायंट्स मध्यंतरापर्यंत 28-10 असे मागे होते. जोन्सने सामना 32-31 असा जिंकून दिला. मॅनिंग कडेला उभा होता. त्या हंगामात पुढे जोन्सही पुष्कळ सामने हरला. पण दार कोणासाठी उघडले हे सर्वांना दिसत होते, म्हणून 2017 सारखा गहजब झाला नाही. जोन्स जायबंदी झाला तेव्हा डिसेंबरात मॅनिंगने मियामीविरुद्ध आपल्या मैदानावर शेवटचा विजय मिळविला आणि 2020 च्या जानेवारीत निवृत्ती घेतली. साखळीत त्याचे 117 विजय व 117 पराभव झाले. तरीही 2021 साली संघाने त्याचा 10 हा क्रमांक कायमचा राखून ठेविला.

बसणाऱ्याचेही एक कर्तव्य असते. 2001 साली पेट्रियट्सचा नामांकित क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो सामन्यात गंभीर जायबंदी झाला आणि टॉम ब्रेडी या फारशा कोणास ठाऊक नसलेल्या तरुणाने त्याची जागा घेतली. ब्लेडसो बरा झाला, तरी प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी ब्रेडीलाच कायम ठेविले. ब्लेडसोला ते मुळीच आवडले नव्हते. पण त्याने सराव सोडला नाही. 2002 च्या जानेवारीत पिट्सबर्ग येथील निर्णायक सामन्यात ब्रेडीचा घोटा दुखावला, तेव्हा बाकावरून उठून ब्लेडसोने बाजी सावरली व संघ 24-17 असा जिंकला. पुढच्या आठवड्यात अंतिम सामन्यात पुन्हा ब्रेडी खेळला आणि अजिंक्यपद मिळाले. त्या पदकात ब्लेडसोचा वाटा नाही, असे कोण म्हणेल?

आपल्याकडेही हे घडते. 2025 च्या जानेवारीत सिडनीच्या कसोटीत मुंबईच्या मैदानांवर वाढलेला रोहित शर्मा, भारताचा कर्णधार असूनही, स्वतःच बाजूस राहिला. त्या मालिकेत 5 डावांत त्याच्या 31 धावा झाल्या होत्या. भारत तो सामना हरलाच. पण दुसऱ्याने उठविण्याआधी आपण उठणे याला वेगळी किंमत आहे.

सारांश, आमचा निवाडा असा. मोठ्या खेळाडूला बाकावर बसविण्याचा प्रशिक्षकास अधिकार आहे आणि प्रसंगी ते त्याचे कर्तव्यही आहे; कारण कालच्या विजयांवर आजचा सामना जिंकता येत नाही. म्हणून भाच्याचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. परंतु दोष नीट न पाहता, पुढचा विचार न करता आणि सरळ शब्द न बोलता तसे करणे म्हणजे आपल्या चुकीवर दुसऱ्याला पांघरूण करणे होय. म्हणून मामांचा संतापही आम्हांस समजतो.

तो संताप कोठून आला, हे निरोप घेताना मामींनी फाटकापाशी सांगितले. मामा गावच्या बँडमध्ये 30 वर्षे कॉर्नेट वाजवीत. दोन वर्षांपूर्वी दम पुरेनासा झाला, सूर फुटू लागले. कोणी काही बोलले नाही. फक्त पुढल्या लग्नाला त्यांना बोलावणे आले नाही. “एकदा घरी येऊन म्हणाले असते, तर यांनी स्वतःच कॉर्नेट त्या पोराच्या हाती दिला असता,” असे मामी म्हणाल्या. तो कॉर्नेट अजून कपाटावर पुसून ठेवलेला आहे.

वाचकहो, आपल्या गावात, आपल्या घरात असे कोणी बाकावर बसलेले असेल. त्यांना बसविणे चुकीचे होते, असे आम्ही म्हणत नाही. त्यांना कोणी सांगावयास गेले होते काय, एवढेच विचारतो. गेले नसेल, तर अजून वेळ गेलेली नाही.