सोनं महागलं आणि मेक्सिकोतल्या पाऱ्याच्या भट्ट्या धडधडू लागल्या

२०२५ मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या पुढं गेलं, तेव्हा आपल्याकडं चर्चा झाली ती लग्नसराईची. त्याच भाववाढीनं मेक्सिकोच्या केरेतारो राज्यात, सिएरा गोर्दाच्या डोंगरात, पाऱ्याच्या बारक्या खाणींना सुगीचे दिवस आले.

सोन्याचा आणि पाऱ्याचा संबंध काय? पेरू, बोलिव्हिया, कोलंबियातल्या हातानं चालणाऱ्या खाणींत सोन्याचे कण इतके बारीक असतात की वेचता येत नाहीत. तिथं मातीत पारा मिसळतात. तो सोन्याला धरतो. मग तो गोळा तापवला की पारा उडून जातो आणि सोनं मागं राहतं. उडालेला पारा जातो हवेत, नदीत आणि शेवटी माशांत. माणसामुळं हवेत जाणाऱ्या एकूण पाऱ्यात एक तृतीयांशाहून जास्त वाटा या एकाच धंद्याचा आहे. मेक्सिकोतला पारा या देशांकडंच जात आला आहे.

आता खाण बघू. पारा जमिनीत सहसा द्रवरूपात मिळत नाही. मिळतो तो हिंगूळ, म्हणजे पारा आणि गंधकाचं लालभडक खनिज. सिएरा गोर्दा हे जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडीचे डोंगर. हा खडक ठिसूळ, त्यामुळं जागोजागी तडकलेला. खोलातून वर आलेलं गरम, खनिजयुक्त पाणी या भेगांत आणि पोकळ्यांत शिरलं, वर येता येता थंडावलं आणि हिंगूळ तिथंच बसला. म्हणून इथं सलग मोठा साठा कमी. इथं एक शीर, तिथं एक खिसा, मधे नुसता दगड. असा माल काढायला मोठी कंपनी आणि मोठी यंत्रं परवडत नाहीत. टिकाव, छिन्नी, पाठीवरचं पोतं आणि अंधाऱ्या बोगद्यात शीर ओळखणारी नजर, एवढ्यावर खाण चालते. स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून इथं हिंगूळ खणला जायचा, तेव्हा तो रंगासाठी आणि अंत्यविधींसाठी.

दगडातून पारा काढणं त्याहून सोपं, आणि खरा धोका तिथंच आहे. फोडलेला दगड विटांच्या भट्टीत घालून खाली लाकडं पेटवतात. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. भट्टी त्याहून बरीच तापली की हिंगूळ फुटतो, गंधक धुरात जातं आणि पाऱ्याची वाफ नळीतून बाहेर येऊन थंड होते. टोकाला चकचकीत थेंब पडू लागतात. (आपल्या रसशास्त्रातलं डमरूयंत्र, तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी, याच तत्त्वावर चालतं.) लिटरभराची बाटली भरली की साडेतेरा किलो वजन. पण सगळी वाफ काही नळीत सापडत नाही. श्वासातून गेलेल्या वाफेतला बहुतेक पारा रक्तात उतरतो. हात थरथरतात, झोप उडते, विसरायला होतं, मूत्रपिंडं बिघडतात. गिळलेला पाऱ्याचा थेंब त्या मानानं कमी घातक, वाफ मात्र ना दिसते ना तिला वास येतो.

मग हे बंद का होत नाही? पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१७ पासून लागू आहे. त्यानुसार पाऱ्याची नवी खाण काढायची नाही आणि चालू खाणी १५ वर्षांत बंद करायच्या. मेक्सिकोची मुदत २०३२ ला संपते. लोकांना वाटतं तोवर सगळं रीतसर चालू आहे. तसं नाही. या सवलतीच्या काळातही खाणीतला पारा छोट्या सोनेखाणींसाठी विकायला करारात आजच मनाई आहे. म्हणजे ज्या गिऱ्हाइकावर हा धंदा फुगलाय, तेच गिऱ्हाईक नियमाबाहेरचं आहे.

त्याआधी युरोपनं २०११ मध्ये आणि अमेरिकेनं २०१३ मध्ये पाऱ्याची निर्यात थांबवली. हेतू चांगला होता, पण मागणी तशीच राहिली आणि पुरवठा आटल्यावर या डोंगरांचं महत्त्व वाढलं. स्पेनची अल्मादेन ही जगातली सगळ्यात मोठी पाऱ्याची खाण बंद झाली; ती एकच होती आणि सरकारच्या मालकीची होती. सिएरा गोर्दात बोगदे विखुरलेले, भट्टी चार विटांची, आज पाडली तर उद्या पलीकडच्या घळीत उभी. शिवाय हा भाग राखीव जीवावरण क्षेत्र आहे, तिथं कोरडवाहू शेती सोडली तर रोजगार तुटपुंजाच. खाणीत उतरणाऱ्याला धोका माहीत नाही असं नाही. पण या शनिवारी हातात येणाऱ्या मजुरीएवढी दुसरी मजुरी त्याला गावात अजून कुणी देऊ केलेली नाही, आणि २०३२ ला फार वर्षं उरलेली नाहीत.