झाडाचे गाव कोणते?

कोणाला कॅक्टस भेट दिला की देणारा हमखास म्हणतो, "याला काही करावे लागत नाही, पाणी घातले नाही तरी चालते." या एका वाक्याने जेवढी झाडे मेली तेवढी उन्हाळ्यानेही मेली नसतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या सांगलीच्या घरी थंडीत फुलणारा कॅक्टस आला तो हेच वाक्य घेऊन. त्याला ख्रिसमस कॅक्टस असेही म्हणतात. आजीचा आधी विरोध. काटेरी झाड घरात असले की भांडणे होतात म्हणे! मग तिने चष्मा लावून त्याची चपटी, एकाला एक जोडलेली पेरे निरखली, बोट फिरवले आणि म्हणाली, "अगं, याला टोचणारं काहीच नाही!" झाले, प्रवेश मिळाला.

तरी नाव निवडुंगाचेच. आम्ही त्याला दहिवडी-म्हसवडच्या माळावरच्या फड्या निवडुंगासारखे वागवले. कडक ऊन, पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही. पेरे लालसर पडून सुरकुतली.

माणूस भेटला की आपण आधी विचारतो, "गाव कोणते?" झाडाचे मात्र आडनाव कळले की आपले भागते. या झाडाचे गाव ब्राझीलच्या किनाऱ्यालगतच्या डोंगरांत. तिथल्या दमट जंगलात ते झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांच्या कपारीत, साचलेल्या पाचोळ्यात वाढते. आपल्या सातारा जिल्ह्यातच पाहा. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि माण तालुक्यात ५०० च्या आसपास. महाबळेश्वरच्या जांभळीवरची आमरी कोणी माणच्या उन्हात नेऊन ठेवील काय? हा कॅक्टस राहणीने त्या आमरीचा शेजारी. त्याला सकाळचे कोवळे ऊन पुरे. माती भुसभुशीत हवी. कुजलेला पाचोळा, नारळाच्या शेंड्या, जाड वाळू. वरचा थर सुकला की पाणी द्यावे, बशीत तुंबू देऊ नये. रोपवाटिकेने चिठ्ठीवर नावाऐवजी गाव लिहिले तर निम्मी झाडे वाचतील.

एवढे केल्यावर झाड हिरवेगार झाले. फूल मात्र दोन वर्षे नाही. आजी म्हणायची, "दृष्ट लागली." कारण मला साताऱ्यास कॉलेजात आल्यावर एका पुस्तकात सापडले, आणि ते लिहिताना जरा शरम वाटते. कळी धरायला या झाडाला सुमारे सहा आठवडे गारवा आणि रोज बारा-तेरा तास अखंड काळोख लागतो. डिसेंबरातली आपली रात्र सुमारे १३ तासांची, म्हणजे निसर्गाने सोय केलेलीच आहे. पण पूर्वेची खिडकी होती माझ्या खोलीला. अकरावी-बारावीची वर्षे! रात्री एकपर्यंत ट्यूबलाइट चालू.

यंदा डिसेंबरात आजीचा फोन आला. "चौदा कळ्या आल्यात. तुझी खोली संध्याकाळपासून अंधारीच असते ना आता."

सुट्टीत घरी गेले. कळ्या नीट दिसाव्यात म्हणून कुंडी फिरवणार, तोच आजी ओरडली. आणि तिचे बरोबर होते, कारण कळ्या धरल्यावर कुंडी हलवली, फिरवली की त्या गळतात. मी तिला सांगितले की आता दिवा लावला तरी बिघडत नाही, कळ्या धरून झाल्या आहेत. तिने ऐकले नाही. चार रात्री मी स्वयंपाकघरात पाटावर बसून अर्थशास्त्र वाचले.