कोच बदला, पण क्लब ठेवा!

दिवाळीत गावी गेलं की भांडण कशावरून होतं? जमीन, लग्न, नाहीतर राजकारण. बरोबर? आमच्या जामखेडच्या घरात २०२५ च्या दिवाळीत भांडण झालं ते थ्री-फोर-थ्रीवरून!

सांगतो. पुण्याहून नगरमार्गे (नाव अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात अजून नगरच) एसटीने अंग मोडून घेत घरी पोचलो. बॅग टेकवतोय तोच चुलत भाऊ समोर. त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि अंगात बारा महिने मँचेस्टर युनायटेडचा लाल टी-शर्ट. मी चहा प्यायलो का, हे नंतर. पहिला प्रश्न, "दादा, ह्या अमोरिमला हाकलायला पाहिजे का नाही, तू सांग!"

आता आमच्याकडे खेळ म्हणजे कबड्डी, कुस्ती आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. पण केबल आली, मग स्वस्त डेटा आला आणि ओल्ड ट्रॅफर्ड थेट खर्डा चौकात येऊन बसलं. त्यामुळे संध्याकाळी चहाच्या टपरीवर फुल्ल बेंच भरला. भाऊ, त्याचा बँकेतला मित्र, मी आणि 'तुमचं काय चाललंय' म्हणत येऊन बसलेले काका.

भावाची केस एकदम क्लिअर. २०२४-२५ च्या सीझनला युनायटेड पंधराव्या नंबरवर, ४२ पॉइंट्स. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून एवढी वाईट अवस्था कधीच नव्हती. त्यात बिलबाओला युरोपा लीगची फायनल टॉटनमकडून हरले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये चौथ्या डिव्हिजनच्या ग्रिम्सबीने लीग कपात पेनल्टींवर घरी पाठवलं. आणि साहेब काय म्हणतात, तर साक्षात पोपने सांगितलं तरी मी माझी पद्धत बदलणार नाही!

"अरे पण पद्धतीत वाईट काय आहे?" मी आपलं काडी टाकली.

त्याने टेबलावर ग्लास मांडले. मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन. "मधले चार दिसतात, पण त्यातले दोघं लाईनीला धावतात. म्हणजे खरे मध्ये राहिले दोनच. समोरचे तीन घेऊन येतात. आता कबड्डीत तिघांनी पकड केली तर सुपर टॅकलचा जादा गुण देतात ना? का? कारण ते अवघड असतं म्हणून. हा माणूस ब्रूनो आणि कॅसेमिरोला दर मिनिटाला सुपर टॅकल करायला लावतो आणि गुण काय, घंटा!"

बॉस, मी टीव्हीवर इतके एक्स्पर्ट ऐकले, पण मिडफिल्डचा प्रॉब्लेम इतका सोपा करून कुणी सांगितला नव्हता.

बँकवाला मित्र मात्र पेशन्सवाला. त्याचं म्हणणं, याच पद्धतीने अमोरिमने स्पोर्टिंगला २०२१ आणि २०२४ मध्ये पोर्तुगालची लीग जिंकून दिली, म्हणजे फंडा चुकीचा नाही. खेळाडू दुसऱ्या पद्धतीसाठी घेतलेले आणि खेळवायचं तिसऱ्या पद्धतीने. वेळ लागणारच. फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये आला, पहिली ट्रॉफी १९९० मध्ये मिळाली आणि लीग १९९३ मध्ये. आज असता तर दुसऱ्या दिवाळीच्या आतच नारळ मिळाला असता! तो गेल्यावर मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्सशेअर, टेन हाग, अमोरिम. बारा वर्षांत सहा कायमचे कोच, हंगामी वेगळे. कशाला दोष द्यायचा, माणसाला की खुर्चीला?

काका इतका वेळ बशीतून चहा पीत होते. ते म्हणाले, "ड्रायव्हर बदलून एसटी नवी होते का रे?" आणि पुढे, "आपल्या खर्ड्याला १७९५ मध्ये निजाम का हरला? सगळे सरदार एका बाजूने लढले म्हणून. तुमच्यात सरदार किती एका बाजूने आहेत ते बघा आधी."

टपरी गप्प. ऑफिसात दर वर्षी नवा मॅनेजर, नवी सिस्टीम आणि नवी एक्सेल शीट बघणाऱ्या मला तर हे फारच झोंबलं.

त्यातली गंमत म्हणजे १९ ऑक्टोबरच्या रात्री, नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, हाच अमोरिम, हीच पद्धत घेऊन युनायटेडने लिव्हरपूलला त्यांच्या घरी २-१ हरवलं. २०१६ नंतर पहिल्यांदाच. मॅग्वायरने शेवटाला हेडर मारला आणि भावाच्या आरोळीने अख्खी गल्ली उठली. फटाक्यांच्या आवाजात खपून गेली म्हणून बरं! पहाटे उटणं लावताना म्हणतो कसा, "ठेवू का याला अजून थोडे दिवस?" जणू काही पगार हाच देतोय.

मग त्याने सहज विचारलं, "दादा, तुझा क्लब कुठला रे?"

आणि यार, मला उत्तर देता येईना.

कारण माझा क्लब होता. एफसी पुणे सिटी. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मी पुण्यात नवा. रूमवर कुणाशी ओळख नाही, ऑफिसात सगळे कानाला हेडफोन लावलेले. बालेवाडीत मात्र नारंगी टी-शर्ट घातला की शेजारचा अनोळखी माणूस गोल झाल्यावर मिठी मारायचा. आणि भांडायचो तर किती! कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल, ब्राऊन. पाच सीझनमध्ये कोचची ही लाईन. प्रत्येकाला आम्ही शिव्या घातल्या. हबास आला तर 'फार डिफेन्सिव्ह', पोपोविच आला तर 'फार तापट'. त्या पोपोविचनेच २०१७-१८ मध्ये आम्हाला एकदाची सेमीफायनल दाखवली. तिथे बेंगळुरूच्या सुनील छेत्रीने हॅटट्रिक मारून आमचा बाजार उठवला. परतीच्या बाईकवर तासभर चर्चा, कुणाला बदलायचं?

२०१९ मध्ये कोच नाही, क्लबच गेला. पैशाचं गणित फसलं आणि लीगमधल्या त्याच्या जागी हैदराबादचा नवा क्लब आला. तो २०२२ मध्ये चॅम्पियन झाला आणि २०२५ मध्ये तेही बिऱ्हाड दिल्लीला गेलं. आपल्याकडे हे नवीन नाही. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये शटर ओढलं. २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आलेला पुणे एफसी तीनेक वर्षांत गुंडाळला गेला. जुलै २०२५ मध्ये तर इंडियन सुपर लीगच लटकली, काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. कसाबसा फेब्रुवारी २०२६ मध्ये छोटा सीझन सुरू झाला.

पेशन्सची गोष्ट आपल्याकडेही आहे बरं का. मुंबई सिटीने २०२१-२२ मध्ये डेस बकिंगहॅमला ठेवलं. चॅम्पियन टीम पाचवी आली होती, लोक वैतागले होते. पुढच्याच सीझनला त्याच माणसाने सलग १८ सामने न हरता लीग शिल्ड आणली. पण पेशन्स ठेवायलासुद्धा आधी क्लब जागेवर लागतो!

भावाला मी हे सगळं सांगितलं. तो उटण्याच्या हाताने तसाच बसला. मग म्हणाला, "म्हणजे तुला शिव्या द्यायलाही कुणी नाही?" इतकं अचूक मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

५ जानेवारी २०२६ ला त्याचा फोन आला. "दादा, गेला अमोरिम!" नंतर कॅरिक आला, मागे पुन्हा चार जण उभे केले आणि पहिल्याच सामन्यात मँचेस्टर सिटीला २-० हरवलं. म्हणजे ग्लासांची थिअरी जिंकली म्हणायची. मी अभिनंदन केलं, तर पठ्ठ्या म्हणतो, "ते ठीक आहे रे, पण माणूस वाईट नव्हता."

तेव्हा दोस्तहो, या वीकएन्डला कोचला भरपूर शिव्या घाला. फॉर्मेशनवरून मित्राशी कट्टी घ्या, ग्लास मांडा, ग्लास फोडा. तो हक्क आहे आपला. फक्त जवळपास एखादी टीम खेळत असेल, मग ती कितीही रद्दड असो, तर तिकीट काढून एकदा जाऊन बसा. माझा नारंगी टी-शर्ट अजून कपाटात आहे. इस्त्री करून ठेवलाय.