शहाण्याने पायरी केव्हा चढावी?

वेगाचं चलान आलं की शिरूर अनंतपाळात दोन सल्ले चहाबरोबर फुकट मिळतात. पहिला : ‘भरून टाक की, हजार-दोन हजारासाठी कुठं भांडत बसतोस?’ दुसरा : ‘अजिबात भरू नको, लोकअदालतीत निम्म्यावर मिटतंय.’ हे सल्ले देणारे सहसा एकाच बाकड्यावर बसलेले असतात आणि एकमेकांना अडाणी समजतात. माझ्या मते दोघांनीही चलान वाचलेलं नसतं. रक्कम तेवढी पाहिलेली असते. गाडी कुठल्या जागी होती, तिथली मर्यादा किती, यंत्राने वेग किती मोजला, फोटोत दिसणारी गाडी आपलीच का, याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

पहिल्या सल्ल्यामागे एक म्हण उभी असते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. या म्हणीचा हिशोब खोटा आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडचा पिकअपवाला टोमॅटो घेऊन मुंबईला जातो आणि परतीच्या वाटेवर मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरच्या कॅमेऱ्यात सापडतो. राज्यातल्या वाहतूक चलानांसाठी ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल इथे आभासी न्यायालय सुरू झालं. त्याची रीत अशी, की गुन्हा कबूल असेल तर घरबसल्या दंड भरा. कबूल नसेल तर प्रकरण त्या त्या हद्दीतल्या नेहमीच्या कोर्टात जातं. म्हणजे खालापूर किंवा पनवेल. शिरूर अनंतपाळहून चारशेहून अधिक किलोमीटर. हलक्या वाहनाला वेगाचा दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ प्रमाणे १,००० ते २,००० रुपये. एका तारखेचं भाडं, बुडालेली खेप आणि वकिलाची फी धरली तर कोण लढेल?

पण या हिशोबात एक गोष्ट गाळलेली असते. चलान नाकारण्याची पहिली पायरी कोर्टाची नसतेच. राज्य वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी वकील लागत नाही, एसटी लागत नाही. (गाडीचा नंबर आपल्या हाताने टाकून चलान तिथेच पाहावं. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल पाठवून लोकांची खाती साफ करणारे भामटे सध्या जोरात आहेत.) दुसरं म्हणजे दंड भरला की प्रकरण तडजोडीने मिटलं असं कायदा धरतो. नंतर ‘गाडी माझी नव्हतीच’ म्हणून कितीही ओरडा, फाइल बंद झालेली असते. खोटी नंबरप्लेट लावून फिरणाऱ्याच्या वेगाचा दंड ज्याने ‘कटकट नको’ म्हणून भरला, त्याने त्या चोराला पुढच्या चलानापर्यंत मोकळं रान दिलं.

दुसरा सल्ला जास्त चलाख वाटतो, आणि मला तो जास्त खटकतो. लोकअदालत तडजोडीसाठी असते. तुम्ही त्या दिवशी ८८ ने जात होता की ७८ ने, हे ती ठरवत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे तिच्या निवाड्यावर अपीलही नाही. सवलत मिळेलच असा कुणाचा हक्क नसतो. मिळाली तरी ती कुणाला मिळते ते बघा. जो खरोखर सुसाट गेला त्याला सूट, आणि जो गेलाच नव्हता त्याला निम्मी शिक्षा. यात न्याय कुठे आला? शिवाय वाट बघत बसलेल्यांची चलानं साचत जातात आणि गाडी विकायच्या वेळी सगळी एकदम आडवी येतात.

तिसरा पूर्वपक्ष जरा मोठ्या आवाजातला : ‘हे सगळं लुटीचं काम आहे.’ जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलानाविरुद्ध संप केला तेव्हा हाच सूर होता. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पोलिसांनी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून चलान करू नये, असा आदेश त्याच सुमारास वरिष्ठांना काढावा लागला, म्हणजे तसं घडत होतं हे उघड आहे. तरीही वेगाच्या चलानाला लुटीचं लेबल सरसकट लावता येत नाही. पिकअपवाल्याचंच उदाहरण घेऊ. त्याच्या चलानावर वेग ८८ आहे. तो म्हणतो, ‘माझ्या बाजूनं कार शंभरनं चालल्या होत्या, त्यांना काही नाही आणि मला दंड?’ गाऱ्हाणं ऐकताना खरं वाटतं. पण केंद्र सरकारच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत मोटारीला द्रुतगती मार्गावर १२० आणि चौपदरी रस्त्यावर १०० ची कमाल मर्यादा दिली आहे, तर मालवाहू गाडीला दोन्हीकडे ८०. इतर रस्त्यांवर मोटारीला ७०, मालवाहूला ६०. यंत्र चुकलेलं नाही. पिकअपला मोटारीचा नियम लागतो असं धरून चालणारा चुकलाय. ब्रेक दाबल्यावर लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे ८० ऐवजी ८८ ने जाणारी गाडी थांबायला सुमारे एक पंचमांश जास्त रस्ता घेते. मागे क्रेट रचलेले असतील तर ड्रायव्हरला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्याने हे चलान निमूट भरावं.

भारतात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. सरकारी अहवालाने त्यातले ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात टाकले. महाराष्ट्रातले मृत्यू १५,२२४. मला स्वतःला त्या ७१ टक्क्यांबद्दल शंका आहे. पंचनाम्यात खड्डा, अंधार, चुकीचं वळण असं लिहिण्यापेक्षा ‘अतिवेग’ लिहिणं सोपं असतं. पण त्यातला बराच भाग वजा केला तरी जे उरतं ते मेलेल्या माणसांचंच असतं. वेगाला लगाम हवा, हे मला मान्य आहे.

आणि म्हणूनच मंडन असं : लगाम लावणाऱ्या यंत्राला जाब विचारणारं कुणीतरी पाहिजे. हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका, कायद्यातच त्याची सोय आहे. कलम १८३ चं तिसरं उपकलम सांगतं की एका साक्षीदाराला ‘गाडी जोरात होती असं वाटलं’ एवढ्यावर कुणालाही दोषी ठरवता येणार नाही. त्याच्या मताला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक मोजमापाचा आधार लागतो. माणसाच्या डोळ्यावर कायदा भरवसा ठेवत नाही, यंत्रावर ठेवतो. मग यंत्राची उलटतपासणी आलीच. ११ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला. त्यात यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नव्याने घ्यायला हवं, कॅमेऱ्याआधी इशाऱ्याचा फलक हवा. चलानावर मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण हवं. फोटोत नंबरप्लेट स्पष्ट हवी. नोटीस १५ दिवसांत पाठवायला हवी. पुरावा प्रकरण निकाली निघेपर्यंत जपून ठेवायला हवा. हे सगळं सरकारवर बंधनकारक आहे, आणि विचारणारा नसला की बंधन कागदावर राहतं.

तेव्हा चलान उघडावं आणि आधी ठिकाण वाचावं. शिरूर नावाची गावं आपल्याकडे कमी नाहीत. घोडनदीचं शिरूर पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर आहे, शिरूर कासार बीडमध्ये. ‘शिरूर’ एवढंच बघून ‘मी तर घरीच होतो’ म्हणणारा तोंडघशी पडेल. मग तारीख-वेळ घेऊन फास्टॅगचा हिशोब काढावा. त्या वेळी आपली गाडी भलत्याच टोलनाक्यावरून गेल्याची नोंद असेल, तर एमएच २४ ची आपली प्लेट दुसरं कुणीतरी मिरवतंय. अशा वेळी चलानाची तक्रार आणि पोलीस ठाण्यातली तक्रार दोन्ही कराव्यात, त्याच दिवशी. मग गाडीचा प्रकार : खासगी मोटार मालवाहू म्हणून नोंदली गेली असेल तर ८० ची मर्यादा तिला लागत नाही. मग फलक. एखाद्या पट्ट्यात नेहमीपेक्षा कमी वेग ठरवायचा तर तिथे खूण उभारावी, असं कलम ११२ सांगतं. शंभरच्या रस्त्यावर एकाएकी साठची मर्यादा आणि फलक बाभळीआड, अशी जागा असेल तर परतताना फोटो काढावा. हा मुद्दा मी तांत्रिक मानत नाही. गाडी हळू व्हावी म्हणून मर्यादा असते. जी दिसतच नाही ती गाडी हळू कशी करणार?

इथे वकील मंडळी मला अडवतील. ‘वेग खरा होता, पण नोटीस चाळीस दिवसांनी आली. मग का भरायचं?’ कायद्याने हा मुद्दा मांडण्याचा हक्क दोषी माणसालाही आहे, तो मी काढून घेऊ शकत नाही. मी मात्र भरीन. उशिराची तक्रार लिहीन आणि भरीन. पंधरा दिवसांची अट कशासाठी आहे? दोन महिन्यांनी त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं हे मालकाला आठवत नाही, डॅशकॅमवरचं चित्रण पुसलेलं असतं, आणि निर्दोष माणूस आपली बाजू मांडायला लंगडा पडतो. ज्याला सगळं लख्ख आठवतंय आणि जो मनाशी कबूलही करतोय, त्याचं उशिराने काय बिघडलं? निर्दोषासाठी मात्र हीच अट ढाल आहे, त्याने ती पुढे धरावी.

राहिला प्रश्न चारशे किलोमीटरचा. इथे म्हण जिंकते, आणि ती जिंकावी अशीच व्यवस्था आहे. दंड भरायला फोन पुरतो, पण संकेतस्थळावरची तक्रार फेटाळली गेली तर नाकारायला खालापूर गाठावं लागतं. कबुली सोपी आणि इन्कार महाग असला की आकडेवारीत सगळेच दोषी दिसतात, आणि मग तीच आकडेवारी यंत्रं बिनचूक असल्याचा पुरावा म्हणून दाखवता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० ने खटल्याचं कामकाज इलेक्ट्रॉनिक माध्यमातून चालवायची वाट मोकळी केली आहे. खालापूरची तारीख आपल्या जवळच्या निलंग्याच्या कोर्टातल्या पडद्यावर चालवायला अडचण कसली? संपवाल्या वाहतूकदारांनी थकीत दंड माफ करा म्हणून जोर लावला. माफीने सुसाट जाणारेही सुटले असते आणि खोट्या चलानाचा धनी तसाच राहिला असता. निलंग्यात सुनावणी मिळावी एवढंच त्यांनी धरून ठेवलं असतं, तर पिकअपवाल्याने ८८ चं चलान भरलं असतं आणि बाभळीआडच्या फलकाचं चलान घेऊन तो सकाळी कोर्टात जाऊन दुपारच्या खेपेला परत आला असता.