कारखान्याला सांडपाणी चालते, मग धरणाचे पाणी कशाला?



धरणाचे पाणी कारखान्याकडे वळवायचे असले की आम्हाला एकच उत्तर मिळते. कारखान्याला चांगलेच पाणी लागते. कपाशी-ज्वारीला काय, पाऊस आहे! हे उत्तर खोटे आहे. त्याचा पुरावा सरकारी तेल कंपन्यांनीच दिला आहे.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रास शहराला प्यायलाच पाणी पुरत नव्हते. तेव्हा मणलीच्या रिफायनरीने शहराचे सांडपाणी घेतले. शहराने एकदा साफ केलेले ते पाणी पुन्हा गाळले, बारीक पडद्यातून दाबून क्षार काढले आणि कारखान्यात वापरले. मथुरेच्या रिफायनरीसाठी २०१८ मध्ये करार झाला. यमुनेच्या पाण्याऐवजी तिला रोज २ कोटी लिटर शुद्ध केलेले सांडपाणी द्यायचे ठरले.

यात चमत्कार काही नाही. रिफायनरीतले बरेचसे पाणी यंत्रे थंड करायला आणि वाफ तयार करायला लागते. क्षार काढले की ते पाणी नदीचे होते की नाल्याचे, हे बॉयलर विचारत नाही.

२ कोटी लिटर म्हणजे किती? एका एकराला दोन इंचाचे एक ओलीत द्यायला सुमारे २ लाख लिटर लागतात. म्हणजे रोज १०० एकर! ज्वारी पोटरीत आणि कपाशी बोंडावर असताना ते एक पाणी मिळाले की नाही, यावर आमचे वर्ष ठरते.

साहेब म्हणतात, सांडपाणी शुद्ध करणे महाग पडते. पडेल. धरणाचे पाणी स्वस्त वाटते, कारण त्याची किंमत बुडालेल्या गावांनी आणि कोरड्या पाटांनी मोजली आहे. मद्रासला दुसरे पाणी नव्हते, म्हणून उपाय सापडला. जोवर धरणाचा नळ उघडा आहे, तोवर आमच्याकडे तो कोण शोधील?

२००३ च्या राज्य जलनीतीने पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम लावला. ओरड झाल्यावर २०११ मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. २०१७ मध्ये सांडपाण्याच्या पुनर्वापराचे धोरणही आले. नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. म्हणजे विदर्भातही हे जमते. मग सगळीकडे सक्ती का नाही?

आमच्या मागण्या साध्या आहेत:

१. जवळच्या शहराचे सांडपाणी वापरून संपल्याशिवाय कोणत्याही कारखान्याला धरणातून थेंब देऊ नये.

२. असे वाचलेले पाणी शेतीच्या खात्यावर लेखी जमा व्हावे. नाहीतर ते दुसऱ्याच कारखान्याला जाईल.

३. नाल्याच्या पाण्यावर आज जे शेतकरी पिकवतात, त्यांना विचारल्याशिवाय ते पाणी उचलू नये. शुद्धीकरणात उरलेले खारे पाणी त्यांच्या नाल्यात सोडू नये.

आम्हाला दया नको, हिशेब हवा. जिल्हा बैठकीला येताना आपल्या धरणातले किती पाणी कोणत्या कारखान्याला जाते, हे पाटबंधारे कार्यालयातून लेखी घेऊन या. ठराव त्या कागदावरच करू.